नोकरी, घर आणि २०० किलोमीटर: सोलापूरच्या एका सायकलस्वाराला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३९, जुळे सोलापुरात घर, घरी पत्नी, दोन मुलं आणि आईवडील. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्सचं काम, साडेनऊ ते साडेसहा. जानेवारीच्या शेवटी पुण्याहून निघणारी २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, करायची आहे. इंटरनेटवरून आठवड्याला दहा तासांचा तक्ता घेतला आणि ऑगस्टच्या मध्यापासून रोज पहाटे साडेचारला उठून तो पाळला. आता ऑक्टोबर उजाडलाय. पाय जड पडतात, वेग वाढायच्या ऐवजी कमी झालाय, कामात आकडे चुकतात आणि घरात कुरबुर आहे. पत्नीचं म्हणणं, ‘निदान नळाला पाणी येतं त्या दिवशी तरी घरी थांबा.’ शेवटी त्यांनी विचारलंय: नोकरी करणाऱ्या माणसाला हे जमतच नाही, की माझीच जिद्द कमी पडते?

जिद्दीचा विषय आधी मिटवू. रात्री साडेअकराला पाठ टेकायची आणि साडेचारला उठायचं, म्हणजे झोप पाच तास. त्यात तुमचा दीड महिना गेला कुठे, तर बरोबर टॅक्स ऑडिटच्या हंगामात, ज्याची मुदत ३० सप्टेंबर. म्हणजे वर्षातलं सगळ्यात डोकं खाणारं काम आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा सराव तुम्ही एकाच दीड महिन्यात केलात, तोही पाच तासांच्या झोपेवर. यात कोणाचेही पाय जड होतील. सराव करताना शरीर थकतं, थोडं मोडतं. ते पुन्हा बांधलं जातं विश्रांतीत, आणि त्यातला मोठा भाग गाढ झोपेत. झोप कापून सायकल चालवली की मोडण्याचं काम होतं आणि बांधण्याचं राहून जातं. वेग कमी झाला तो त्यामुळे.

म्हणून पहिला बदल सायकलशी संबंधित नाहीच. येते दोन आठवडे पहाटेचा गजर बंद करा. रविवारी दीड-दोन तास आरामात फिरून या, एवढं पुरे. काही बुडत नाही. दोन आठवड्यांच्या विश्रांतीत कमावलेलं फारसं जात नाही, आणि जे जातं ते पटकन परत येतं. त्यानंतर मात्र एक नियम लावून घ्या: रात्री सहा तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर पहाटेची जोराची राइड रद्द. बाकी सगळ्या नियमांत सूट चालेल, यात नाही. आणि साडेपाचला उठायचं असेल तर दहाला दिवा बंद व्हायला हवा, म्हणजे जेवण साडेआठला. हे तुमच्या एकट्याच्या हातात नाही, घरच्यांशी बोलूनच ठरेल. त्या बोलण्याकडे मी नंतर येतो.

आता २०० किलोमीटरचा हिशेब मांडू, कारण तो कळला की दहा तासांच्या तक्त्याचं दडपण उतरतं. २०० च्या बीआरएमला १३ तास ३० मिनिटं मिळतात. तुम्ही चालत्या सायकलवर ताशी २० किलोमीटर राखलेत तरी दहा तासांत अंतर संपतं. साडेतीन तास वाटेतल्या ठरलेल्या थांब्यांवरचे शिक्के, जेवण, पंक्चर आणि बसून पाय मोकळे करायला उरतात. ताशी २० हा वेग तुमच्याकडे आजही आहे. तुम्हाला लागणार आहे ती दहा तास खोगिरावर बसायची सवय, दर तासाला खायची-प्यायची शिस्त आणि चढावर घाई न करण्याचा संयम. हे सगळं आठवड्याच्या सहा तासांत तयार होतं. मी सोलापुरातल्या नोकरदार, दुकानदार आणि शिक्षक मंडळींना वर्षानुवर्षं सराव आखून देतोय, आणि २०० साठी आठवड्याला सरासरी सहापेक्षा जास्त तास मी कोणालाही सांगत नाही.

तुम्ही नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांचं उदाहरण दिलंय. २०१५ साली दोघांच्या संघाने रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत, पूर्ण केली, तीही डॉक्टरकी करत असताना. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण ती सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत होती, तुमची २०० ची राइड आहे. त्यांच्याकडून घ्यायचं ते एवढंच, की नोकरी-व्यवसाय करणाऱ्याला हे जमतं. त्यांचे तास मात्र घेऊ नका.

सहा तास कसे वापरायचे ते सांगतो. आठवड्यात चार राइड: एक जोराची, एक लांब, दोन सोप्या. जोराची म्हणजे साधारण तासाभराची. पंधरा मिनिटं अंग गरम करायचं, मग आठ-आठ मिनिटांचे चार तुकडे, मध्ये दोन-दोन मिनिटं हळू. तुकड्यात असताना दोन-तीन शब्दांपेक्षा जास्त बोलता येऊ नये, पण चौथा तुकडाही पहिल्याइतक्याच वेगाने झाला पाहिजे. पहिल्यातच जीव काढला तर चुकलं. जागा सिग्नल नसलेली हवी. बार्शी रोडला शहर संपल्यावर नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे जाणारा पट्टा पहाटे त्यासाठी चांगला आहे.

सोपी राइड खरोखर सोपी असावी. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत. हृदयाचे ठोके मोजणारा छातीचा पट्टा असेल तर २०८ मधून वयाचे ०.७ पट वजा करा. तुमच्या वयाला कमाल ठोके साधारण १८१ येतात. त्याच्या ७५ टक्क्यांच्या आत, म्हणजे १३५ च्या खाली राहा. जोराच्या तुकड्यात १६० ते १६६ च्या आसपास. हे सूत्र माणसागणिक दहा ठोके इकडे-तिकडे होतं, म्हणून बोलण्याची कसोटी आधी, पट्टा नंतर. तुमच्या नोंदी पाहिल्या तर रोजची राइड एकाच मध्यम वेगाची दिसते: सोपी म्हणावी तर दमवणारी, जोराची म्हणावी तर पुरेशी नाही. कमी वेळ असलेल्या माणसाचा हा सगळ्यात मोठा अपव्यय आहे. ‘मिळालाच आहे तास तर जोरात मारू’ असं वाटतं आणि मग खऱ्या जोराच्या दिवशी पायात काही उरत नाही.

दोन सोप्या राइड मी पहाटे ठेवणारच नाही. त्या कामावर जाता-येता करा. घर ते कारखाना आठ-नऊ किलोमीटर, म्हणजे एका बाजूला अर्धा तास. आठवड्यातून दोन दिवस सायकलने गेलात की दोन तास झाले, आणि घरच्यांच्या वाट्याचे त्यातले फार तर वीस-वीस मिनिटं गेले, कारण गाडीनेही तेवढा प्रवास होताच. सोमवारी गाडीने जाताना दोन शर्ट, टॉवेल आणि चपला कारखान्यात ठेवून या. सकाळी अगदी रमत जा, घाम कमी येतो. संध्याकाळी उजेड असेल तेव्हा कुंभारीपर्यंत जाऊन परत फिरलात तर तासाभराची राइड होते. पण ऑक्टोबरच्या मध्यापासून साडेसहाला सुटेपर्यंत अंधार पडतो, तेव्हा थेट घरी. अक्कलकोट रोडला त्या वेळी जड वाहनं असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भिंतीवरचा सोमवार ते रविवारचा तक्ता काढून टाका. सोलापुरातल्या घरात तो टिकत नाही, कारण आपल्याकडे पाणी वार बघून येत नाही. काही दिवसांआड येतं, वेळ सरकते, कधी पहाटे येतं, कधी रात्री. त्या वेळी घरातला धडधाकट माणूस रस्त्यावर असेल तर मोटर लावणं, टाकी, पिंपं, हंडे, वरच्या मजल्यावर कॅन चढवणं हे सगळं उरलेल्यांवर पडतं. तुमच्या पत्नीने सायकल बंद करा असं म्हटलेलंच नाही. त्यांनी मागितलंय ते अगदी नेमकं आहे आणि रास्त आहे. पाण्याच्या दिवशी राइड नाही, हे आजच सांगून टाका.

वारांच्या जागी रांग ठेवा. क्रम असा: जोराची, सोपी, लांब, सोपी, आणि पुन्हा जोराची. ज्या दिवशी वेळ मिळेल त्या दिवशी रांगेत पुढे जी असेल ती करायची. पाणी आलं, मुलाला ताप आला, साहेबांनी थांबवलं, तर रांग तिथेच थांबते; दुसऱ्या दिवशी दोन राइड एकत्र करून भरपाई करायची नाही. सोयीसाठी लांब राइड रविवारी येईल असं बघा, त्यासाठी एखादी सोपी गाळली तरी चालेल. जोराची आणि लांब यांच्यात किमान एक दिवस जाऊ द्या. रांग दहा दिवसांत पूर्ण झाली नाही तर उरलेलं सोडून द्या आणि जोराचीपासून नवी सुरुवात करा. बुडालेल्या राइडचं ओझं डोक्यावरून उतरतं, हा या पद्धतीचा मोठा फायदा. तक्त्यातली लाल खूण बघून माणूस खचतो. रांगेत लाल खूण नसतेच.

कामाच्या तारखाही यात बसवा. तुम्हाला दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेला जीएसटीची विवरणपत्रं भरायची असतात. महिन्यातून एक आठवडा निम्म्या तासांचा लागतोच, शरीराला तो हवाच असतो. तो २० तारखेच्या आठवड्यात घ्या. पुढे मार्चअखेर येईल तेव्हाही सायकल पूर्ण थांबवू नका. तास एक तृतीयांशावर आणा, पण जोराची राइड, निम्म्या तुकड्यांची का होईना, ठेवा. जोर कायम ठेवला तर कमी तासांतही दम बराच काळ टिकतो. तास कायम ठेवून जोर सोडला तर तो तितका टिकत नाही.

लांब राइड हळूहळू वाढवायची, पण दर रविवारी नाही. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात मोहोळपर्यंत ये-जा, साधारण ७० किलोमीटर. नोव्हेंबरमध्ये तुळजापूर, ये-जा नव्वदच्या आसपास. तुळजापूर बालाघाटाच्या काठावर आहे, आणि सोलापूरच्या सपाटीवर राहणाऱ्या आपल्याला खरा चढ मिळतो तो त्या घाटात. तो एकदा चढून खाली या आणि पुन्हा चढा. पुण्याची बीआरएम साताऱ्याकडे गेली तर कात्रज आणि खंबाटकी समोर येतात, त्यांची ही तयारी. हलक्या गिअरवर, बसून, श्वास ताब्यात ठेवून. कोजागरीच्या आसपास मात्र त्या रस्त्याला जाऊ नका. देवीला चालत जाणाऱ्यांनी रस्ता भरलेला असतो आणि तो त्यांचा असतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एकदाच पंढरपूर, ये-जा १४५ च्या आसपास. एवढं झालं की २०० ची भीती उरत नाही, त्याहून लांबची राइड आधी करायची गरज नाही. मधल्या रविवारी दोन-अडीच तास पुरेत.

पंढरपूरच्या दिवशी उजाडल्यावरच निघा, साडेसहाच्या आधी नको. नोव्हेंबरपासून गाळप हंगाम असतो. उसाच्या जोड-ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर, अनेकींना मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, काही तर बंद पडून तशाच उभ्या. अंधारात त्या दिसतच नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो आणि पुन्हा सांगतो: हिवाळ्यात सोलापूर जिल्ह्यातल्या रस्त्यावर अंधारात एकट्याने लांब राइड करू नका. पावसाळ्यातली गोष्ट वेगळी, तेव्हा पश्चिमेचा वारा ही अडचण असते. मोहोळकडे आधी वाऱ्याला तोंड देत जायचं आणि येताना पाठीवर घ्यायचं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला टेकतो, तेव्हा सकाळी सातला घरात असावं.

खाण्याबद्दल तुम्ही लिहिलंय की वजन उतरावं म्हणून उपाशीपोटी निघता. ते थांबवा. पाच तासांची झोप आणि रिकामं पोट, यावर जोराची राइड होत नाही आणि दिवसभर चिडचिड मात्र होते. निघण्याआधी एक केळं पुरे. दीड तासाच्या पुढच्या राइडला दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. त्याच्या जोडीला राजगिऱ्याचा लाडू किंवा गूळ-शेंगदाण्याची चिक्की. भूक लागायची वाट बघू नका, घड्याळ बघून खा. आपली कडक भाकरी आणि शेंगा चटणी मला अतिशय प्रिय, आणि बीआरएमच्या मधल्या थांब्यावर ती उत्तम. न खराब होणारी, खारट, पोटाला धरून राहणारी. चढाच्या तोंडावर मात्र नको, चटणीतलं तेल पचायला वेळ घेतं. पाण्याचा अंदाज घ्यायचा तर एका लांब राइडच्या आधी आणि नंतर वजन करा. एक किलो कमी भरलं म्हणजे प्यालात त्याहून सुमारे एक लिटर जास्त घाम गेला. ओआरएसची एक लिटरची पुडी एक लिटरमध्येच घाला, अर्ध्या बाटलीत कोंबू नका.

आता घराबद्दल. तुमच्या रविवारचा हिशेब तुम्हीच लिहिलाय: पावणेपाचला निघता, अकराला येता, जेवता आणि चारपर्यंत झोपता. यात सायकल किती? साडेतीन तास. उरलेला वेळ ग्रुपची वाट बघण्यात, फोटोत, इडली-डोशाच्या टेबलावर आणि दुपारच्या झोपेत गेला. घरच्यांच्या दृष्टीने अख्खा रविवार गेला, आणि त्यांचं बरोबर आहे. ग्रुप सोडा असं मी म्हणत नाही. त्या सोबतीनेच माणूस वर्षानुवर्षं टिकतो. महिन्यातून एक रविवार ग्रुपचा ठेवा, नाश्त्यासकट. बाकीचे रविवार एकट्याने किंवा एका भरवशाच्या सोबत्याबरोबर, आणि नाश्ता घरी, मुलांबरोबर. तुम्ही इडलीचं पीठ घेऊन आलात तर आणखी चांगलं.

लांब राइडनंतर दुपारभर आडवं व्हावं लागत असेल तर ती राइड तुमच्या ताकदीपेक्षा जोरात झाली किंवा तुम्ही रस्त्यात खाल्लं नाही. दोन्ही दुरुस्त होण्यासारखं आहे. घरी येऊन अंघोळ केल्यावर बाजारात जायचं त्राण उरलं पाहिजे, अशा वेगाने रविवारची राइड करा. मी याला सरावाची कसोटीच मानतो.

निघायची वेळ सांगू नका, परत यायची सांगा. साडेनऊ म्हणालात तर सव्वानऊला दारात. रस्त्यात पंक्चर झालं तर फोन करा. हे काही आठवडे पाळलंत की घरातला सूर बदलतो, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय. लोकांना तुमच्या सायकलचा राग नसतो, ताटकळत बसण्याचा असतो. पत्नीलाही आठवड्यात दोन-तीन तास तिचे असे मिळायला हवेत, ज्यात मुलं आणि आईवडील तुमच्याकडे. ते तास आधी ठरवा, तुमच्या राइड नंतर. आणि पंढरपूरची तारीख महिनाभर आधी कॅलेंडरवर लिहा.

आणखी एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाही. वडिलांना मधुमेह आणि रक्तदाब आहे असं लिहिलंय, तुम्ही चाळिशीला आलात. जोराची राइड सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर आणि ईसीजी करून घ्या. ते म्हणाले तर स्ट्रेस टेस्टही. छातीत दडपण, जबडा किंवा डाव्या हातात कळ, चक्कर, यांपैकी काहीही जाणवलं तर सायकल तिथेच उभी करायची.

जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा, येते. त्या आठवड्यात शहरातले रस्ते नंदीध्वजांच्या मिरवणुकीने बंद असतात, घरी पाहुणे असतात. तुमची बीआरएम त्यानंतर दोन आठवड्यांवर. म्हणजे सराव उतरवायला तो आठवडा अगदी जुळून आलाय. दोन छोट्या राइड करा, मुलांना घेऊन होम मैदानावर जा, झोपा. शेवटच्या दहा दिवसांत तयारी वाढत नाही, फक्त थकवा कमी करता येतो.

शेवटचा तुमचा प्रश्न नव्या सायकलचा, की जुनीवर भागेल का. भागेल. फ्रेम तुमच्या मापाची असेल आणि मागे मोठा दातेरी गिअर असेल तर जुन्या सायकलवर २०० आरामात होतात. पैसे खर्च करायचे तर या क्रमाने करा: चांगला पुढचा दिवा आणि दोन मागचे दिवे, रिफ्लेक्टिव्ह जाकीट, हेल्मेट जुनं झालं असेल तर नवं, मग टायर. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला बाभळीचे काटे इतके, की साधा टायर टिकत नाही. जाड पट्टीचे टायर घ्या, दोन ट्यूब आणि पंप कायम जवळ ठेवा, आणि अंगणात बसून मागचं चाक काढून ट्यूब बदलायचा सराव करा, मोबाईलच्या उजेडातही. पॉवर मीटर, म्हणजे पायांचा जोर मोजणारं यंत्र, सध्या नको. घरात सायकल लावून जागीच चालवायचा होम ट्रेनर घ्यायचा असेल तर आधी वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना विचारा, त्याचा आवाज स्लॅबमधून जातो.

दोन आठवड्यांनी, झोप भरून निघाल्यावर, पहिली जोराची राइड करा आणि चारही तुकड्यांचे वेग मला कळवा. चौथा तुकडा पहिल्याइतका निघाला तर नोव्हेंबरची आखणी वर दिली तशीच. नाही निघाला तर तुकडे तीन करू आणि तुळजापूर एक आठवडा पुढे ढकलू.